बारवेच्या काठावरची खुर्ची

वत्सलाताई विधाते यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या हार घेऊन आल्या होत्या. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. आमच्या मंडळाने नाशिकमध्ये एका वाचनालयाच्या सभागृहात जिल्ह्यातल्या जुन्या बारवांवर सचित्र व्याख्यान ठेवलं होतं. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं अशी दगडी बांधणीची विहीर, हे तेव्हा शहरात समजावून सांगावं लागे. वक्ते आमचे अध्यक्ष वैद्य सर, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. श्रोते मोजकेच, त्यातले निम्मे सरांचे नातेवाईक. सरांसाठी सांगितलेला हार मखमलाबाद रस्त्यावरच्या एका मळ्यातून यायचा होता, तो व्याख्यान सुरू झाल्यावर आला. आणणाऱ्या बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि परत जाण्याऐवजी शेवटच्या रांगेत बसल्या. घरचा टेम्पो फुलबाजारातून यायला अवकाश होता म्हणून बसले, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं.

व्याख्यान संपल्यावर सरांनी विचारलं, कुणाला काही शंका? सगळ्यांचं लक्ष चहाच्या किटलीकडे. तेवढ्यात मागून त्या बाई उभ्या राहिल्या.

"सर, ह्या बारवांत आता पाणी आहे का?"

"बऱ्याचशा गाळानं भरल्या आहेत," सर म्हणाले.

"मग गाळ कोण काढणार?"

तोवर आम्ही बारवांचे फोटो काढत होतो, मापं घेत होतो, लेख लिहीत होतो. गाळ काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. सर चष्मा पुसत म्हणाले, "विचार चालू आहे."

"काढणार असाल तर सांगा. रविवारी येईन. पण पाचच्या आत मला घरी पोचायचं असतं."

आमच्या वारसा चळवळीच्या कामाची सुरुवात ही अशी झाली. आज ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याविषयी अनेक मान्यवर लिहितील. मी पाटबंधारे खात्यातला साधा आरेखक. मंडळात बारवांचे नकाशे काढणं माझ्याकडे होतं, आणि दुसरं कुणी घेईना म्हणून चिटणीसपदही माझ्याच गळ्यात पडलं. त्यामुळे ताईंच्या येण्याजाण्याच्या वेळा सांभाळण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आलं, आणि मला लिहायचं आहे ते त्या वेळांविषयीच.

पाचच्या आत घरी, ही ताईंची अट कधी बदलली नाही. मळ्यातलं त्यांचं घर मोठं. यजमान निवृत्तीभाऊ, दीर-जावा, मुलं आणि सर्वांच्या वर सासूबाई. त्यांना घरात सगळे आत्याबाई म्हणत. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या बाजाराची शेवंती तोडायची, करंड्या भरायच्या, धार काढायची, आत्याबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायचं. ही कामं वाटलेली होती आणि ताईंच्या वाट्याची दुसऱ्या कुणी करावीत, असं त्यांना वाटत नसे. आमच्यातले बहुतेक पुरुष मात्र मोकळे होते. मोकळे म्हणजे त्यांच्या घरी बायका होत्या. त्यामुळे ऐन रंगात आलेलं काम टाकून ताई हातपाय धुऊ लागल्या की आमच्यात कुरकुर सुरू व्हायची. एकदा एक कार्यकर्ते जरा तोऱ्यातच म्हणाले, "ताई, चळवळीला घड्याळ नसतं."

ताई पायाचा चिखल धूत म्हणाल्या, "चळवळीला नसेल. म्हशीला असतं."

ते गृहस्थ घमेलं उचलून कामाला लागले. मला मात्र त्या उत्तरापेक्षा त्यातला आवाज आवडला. घरचं कारण सांगताना माणसं सहसा आवाज खाली आणतात. ताई हजेरी द्यावी तसं स्पष्ट सांगत आणि एस्टीच्या थांब्याकडे चालू लागत.

त्यांची आणखी एक सवय होती. कुठल्याही गावात गेल्या की त्या आधी बारवेवर जात नसत. एखाद्या घरी पाणी मागत, ओट्यावर टेकत, घरातल्या बायकांशी बोलत. आम्ही घमेली-फावडी घेऊन ताटकळत उभे. आमच्याजवळ पाण्याने भरलेले कॅन असताना ह्यांना गावात पाणी कशाला हवं, हे आम्हाला कळत नसे. वैद्य सर थट्टेने म्हणत, "वत्सलाबाईंना तहान फार." आम्हीही हसत असू.

मग एका वर्षी दसऱ्याच्या ऐन हंगामात आत्याबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. ताईंनी निरोप पाठवला, "आता माझं येणं होणार नाही. कधी होईल ते सांगता येत नाही." आम्ही मंडळात हळहळ व्यक्त केली आणि काम पुढे चालू ठेवलं.

काम तेव्हा सिन्नर तालुक्यातल्या एका गावात होतं. बारव देखणी होती, पण तिच्यात कुणाची तरी गाय पडल्यापासून गावातल्या काही मंडळींना ती मुरूम टाकून बुजवायची होती. तिथे बसथांब्यासाठी जागा झाली असती. बुजवायला विरोध होता तो बायकांचा, कारण बारवेत साती आसरा होत्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की तिने बाळ आसरांच्या पायावर घालायचं, ओटी भरायची, दहीभात ठेवायचा, अशी त्या गावची रीत. हे सगळं आम्हाला नंतर समजलं. त्या वेळी गावात पाणी मागायला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं.

बारवेच्या भिंतीतल्या एका देवळीत फुटक्या बांगड्या, कुजलेले खण, वाळलेली लिंबं आणि शेंदराचे डाग असलेले काही ओबडधोबड दगड होते. वैद्य सर वरच्या तुळईवर शिलालेख सापडतो का ते पाहण्यात दंग. मी टेप धरून मापं घेत होतो. आमच्या मंडळींनी देवळी झाडून पुसून लख्ख केली आणि सगळा कचरा, दगडांसकट, ओढ्याच्या काठावर नेऊन टाकला. त्या दगडांवर काही कोरलेलं नव्हतं. कोरीव काम शोधत वर्षं घालवलेल्या माणसांनाच अशी चूक जमते.

पुढच्या रविवारी बारवेच्या तोंडाशी काट्या आडव्या लावलेल्या होत्या आणि पलीकडे बायका बसल्या होत्या. सरपंच आम्हाला म्हणाले, "तुमचं साफ करनं बास झालं. या बाया आडव्या येत होत्या म्हनून आमी थांबलो होतो. आता त्याच म्हनत्यात, आसराच नाय ऱ्हायल्या तर बारव ठेवून काय करायची? ग्रामसभेत ठराव करतो आन टाकतो बुजवून."

वाचवायला गेलो होतो ती बारव आमच्याच हाताने जाणार होती. सरांचा चेहरा पाहवत नव्हता. आम्ही जीपमध्ये बसलो. सर मला म्हणाले, "भालेराव, वत्सलाबाईंकडे जाऊ."

आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा ताई आत्याबाईंना पेज भरवत होत्या. एकेक घोट, मध्ये थांबून, गळ्यावरून हळूच हात फिरवत. सरांनी सगळी हकिकत सांगितली. ताईंनी ती ऐकून घेतली, पण चमचा थांबवला नाही. मग म्हणाल्या, "सर, चूक झाली ती झाली. पण मी नाही येऊ शकत."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तुम्हाला एक दिवस. ह्यांना माझ्या हातानंच गिळता येतं. दुसऱ्यानं पाजलं की ठसका लागतो. तो एक दिवस ह्यांनी काय करायचं?"

आम्ही उठायला लागलो, तोच खाटेवर धप्पकन आवाज झाला. आत्याबाईंनी डावा हात आपटला होता. जड जिभेने त्या म्हणाल्या, "आसरा... टाकल्या?" आम्ही माना खाली घातल्या. त्यांचं माहेर त्याच शिवारापलीकडचं, आणि तान्ह्या निवृत्तीभाऊंना त्यांनी त्याच देवळीसमोर ठेवलं होतं, हे आम्हाला तिथे कळलं. पुन्हा हात आपटून त्या म्हणाल्या, "मला ने."

त्या दिवशी ताईंचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. "कुठं न्यायचं? टेम्पोत घालून खडखडत? ह्यांच्या बारवेसाठी मी तुमचा जीव धोक्यात घालू?" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जा आता. दोन्ही हात जोडते."

आम्ही निघालो. चळवळ आणि घर यांची ओढाताण याविषयी भाषणं बरीच ऐकली होती, पण एखाद्या माणसाच्या घशाखाली उतरणाऱ्या पेजेपाशी ती येऊन थांबते, हे त्या दिवशी समोर पाहिलं. ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आणि बारव जाणार होती.

पुढचं मला निवृत्तीभाऊंकडून कळलं. आत्याबाईंनी तोंड मिटून घेतलं. पेज नाही, पाणी नाही. ताईंनी विनवण्या केल्या, रागावल्या, रडल्याही. आत्याबाईंचं एकच, "मला ने." शेवटी ताई डॉक्टरांकडे गेल्या. सावकाश नेऊन सावकाश आणणार असाल तर हरकत नाही, असं त्यांनी सांगितल्यावर ताईंनी निरोप धाडला, "येतोय. पण आत्याबाई जेवढा वेळ बसतील तेवढाच वेळ."

ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी शेवंतीच्या वासाचा तो टेम्पो बारवेपाशी येऊन थांबला. मागे गाद्यांच्या थरावर आत्याबाई, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ताई, शेजारी ओटीचं सामान आणि फुलबाजारातल्या गाळ्यावरची निवृत्तीभाऊंची लोखंडी घडीची खुर्ची. खुर्ची बारवेच्या काठावर मांडली, वर उशी ठेवली आणि आम्ही चौघांनी आत्याबाईंना उचलून तीत बसवलं. काट्यांपलीकडच्या बायका बघत राहिल्या.

त्यातल्या सगळ्यात वयस्क आजी पुढे आल्या. "बाई, एवढं आजारी मानूस, कशाला आल्या लांबून?"

आत्याबाई बोलू लागल्या. शब्द कळत नव्हते. ताई त्यांच्या तोंडाशी कान नेऊन एकेक वाक्य मोठ्याने सांगत होत्या. "म्हणतात, ही आनत नव्हती. मीच हट केला." बायकांत थोडं हसू पसरलं. "म्हणतात, रागवा. लय रागवा. पर ह्या मानसांवर रागवा. बारवंवर नका काढू राग." मग ताईंनी पुन्हा कान लावला. "म्हणतात, माझ्या पोराला ह्याच आसरांच्या पायावर घातलं. आता मी जायच्या वाटंला लागले. एकदा ओटी भरू द्या."

त्या आजींनी वाकून आडवी काटी ओढली आणि बाजूला टाकली.

मग सगळं गाव आणि आम्ही ओढ्याच्या काठावर दगड शोधायला लागलो. बायका हाताने चाचपून दगड ओळखत होत्या. शेंदूर धुतला गेला होता, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाचा गुळगुळीतपणा राहिला होता. सहा मिळाले. सातवा काही मिळेना. ऊन चढत चाललं, आत्याबाईंची मान कलायला लागली आणि ताई माझ्याकडे पाहू लागल्या. तेव्हा आत्याबाईंनी डावं बोट खाली पाण्याकडे केलं. ताई म्हणाल्या, "म्हणतात, तिथनं घ्या. पान्यातनं आली ती आसराच." मी पायऱ्या उतरलो, गुडघाभर पाण्यात हात घालून एक दगड उचलला. माझं देवदेवस्कीशी फारसं सख्य नाही. पण तो गार दगड मी दोन्ही हातांनी छातीशी धरून वर आणला, हे खरं आहे.

देवळीत सात दगड बसले. आत्याबाईंच्या डाव्या हातात ताईंनी आपला हात घातला आणि दोघींच्या हातांनी खण, नारळ, दहीभात वर केला. ते सगळं त्या आजींनी खाली नेऊन देवळीत ठेवलं. लगेच टेम्पो निघाला. ग्रामसभेला बायका झाडून हजर राहिल्या आणि बारव बुजवण्याचा विषय तिथेच संपला. आज त्या गावच्या बारवेत पाणी आहे.

त्या दिवसापासून मंडळात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, गावात गेलं की आधी पाणी मागायचं. वैद्य सर स्वतः पुढे होऊन ओट्यावर टेकू लागले. आणि दुसरी ती खुर्ची. निवृत्तीभाऊंनी ती आमच्या जीपमध्येच टाकली आणि म्हणाले, "राहू द्या. कुणाच्या तरी घरी कुणीतरी असतंच." घरच्या ज्या माणसाला मागे ठेवून येता येत नाही, त्याला बरोबर आणायचं, ही मंडळाची रीत झाली. त्या खुर्चीवर कार्यकर्त्यांच्या दिवस गेलेल्या सुना बसल्या, प्लास्टरमधले पाय घेऊन मुलं बसली, आणि माझे वडीलही बसले.

वडील मनमाडला रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांची स्मृती गेली. ते घरातून उठून चालू लागत, गाडीची वेळ झाली म्हणत. आई नव्हती. आठवडाभर नोकरी आणि बाबा दोन्ही सांभाळणाऱ्या पत्नीला मी रविवारीही त्यांच्यापाशी अडकवणं बरं नव्हतं. मी चिटणीसपद सोडतो म्हणालो. ताई म्हणाल्या, "पद सोडू नका, भालेराव भाऊ. बाबांना आणा."

देवळा तालुक्यातल्या एका गावात काम चालू होतं. बाबांना खुर्चीवर बसवलं तर ते सारखे उठू लागले. ताईंनी पिशवीतून ओटीचा हिरवा खण काढला आणि त्यांच्या हातात दिला. "गार्डसाहेब, तुम्ही दाखवल्याशिवाय गाडी सुटायची नाही." बाबांनी खण पाहिला, पाठ ताठ केली आणि बसले. त्यानंतर दिवसभर त्यांनी हिरवं दाखवल्याशिवाय गाळाचं एकही घमेलं वर गेलं नाही. घामाघूम झालेली माणसं डोक्यावर घमेलं घेऊन पायरीवर थांबत आणि बाबांचा हात वर झाला की निघत. कांद्याने भरलेला एक ट्रॅक्टर रस्त्याने चालला होता, त्याच्या चालकाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तोही थांबला आणि ओरडला, "जाऊ का, बाबा?" बाबांनी नीट दोन्ही बाजू पाहून त्याला हिरवं दाखवलं. घरी परतताना ते मला म्हणाले, "आज ड्युटी चांगली झाली." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या आजारपणातला तो एक रविवार माझ्याजवळ आहे आणि तो ताईंनी दिलेला आहे. मी आजवर तसं त्यांना सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

ताईंनी घर आणि चळवळ यांचा तोल साधला, असं या ग्रंथात पुष्कळ जण लिहितील. मला तो शब्द फार सोपा वाटतो. आत्याबाई त्यानंतर काही वर्षं अंथरुणावर होत्या आणि तेवढी वर्षं ताई अगदी क्वचित बाहेर पडल्या. आसरांच्या रिती-गाण्यांवर ताईंनी गावोगावी ऐकून जमवलेलं जे होतं, ते पुण्याच्या एका परिषदेत त्यांनीच मांडावं असं ठरलं होतं. त्याच आठवड्यात आत्याबाई अत्यवस्थ झाल्या आणि ताई गेल्या नाहीत. "वाईट वाटतं का?" असं मी पुढे कधीतरी विचारलं. "वाटतं की. खोटं कशाला बोलू? लय वाटतं," त्या म्हणाल्या, आणि करंडीतली फुलं निवडत राहिल्या. जे सोडलं ते सोडलं, त्याला गोड नाव द्यायचं नाही, हा त्यांचा सरळपणा मला त्यांच्या सगळ्या कामाइतकाच मोठा वाटतो.

गेल्या वर्षी ताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, पण पायऱ्या उतरायला डॉक्टरांनी मनाई केली. निवृत्तीभाऊंचीही तब्येत बरी नसते. ताईंनी मला फोन केला. "भालेराव भाऊ, आता माझं नाव काढून टाका. बारवेत उतरता येत नाही, तिथं येऊन मी काय करू? माझ्यापायी तुम्ही अडकू नका." सत्काराला मात्र त्यांनी होकार दिला, तोही नेहमीच्या अटीवर, पाचच्या आत आटपायचं.

ताई, सत्कार पाचच्या आत आटपेल. नाव मात्र निघणार नाही. तुम्हाला आणि निवृत्तीभाऊंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, मळ्यात शेवंती फुलत राहो, आणि तुमचे गुडघे डॉक्टरांना खोटं पाडोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. ते नाहीच जमलं, तर काय करायचं हे तुम्हीच आम्हाला शिकवलं आहे. येत्या रविवारी आम्ही सिन्नरच्या त्याच बारवेवर गाळ काढायला जाणार आहोत. जीप आधी मळ्यात येईल. गावात पाणी तुम्हीच मागायचं आहे. आणि बारवेच्या काठावर, आत्याबाई जिथे बसल्या होत्या तिथेच, तुमच्यासाठी खुर्ची टाकलेली असेल.